झाकलेल्या निबेचे पेन : एका पार्कर ५१ च्या दुरुस्तीच्या नोंदी

८ जून २०२४

थोरल्या मावशींकडून आज पेन ताब्यात आले. ते त्यांच्या सासऱ्यांचे. मामलेदार कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त होताना सहकाऱ्यांनी वर्गणी काढून ते त्यांना दिले होते, आणि त्यांच्या माघारी जवळजवळ चाळीस वर्षे ते कपाटातल्या पितळी डब्यात, मोडक्या चष्म्याच्या आणि दोन किल्ल्यांच्या सोबतीला पडून होते. मावशींची अट एकच होती : "शोभेला नकोय मला. लिहितं करून दे, नाहीतर होतं तसं परत आण."

पेन पार्कर ५१ आहे. अंगाचा रंग मोराच्या मानेतला, निळ्या-हिरव्याच्या सीमेवरचा. टोपण पुसट झळाळीच्या पोलादाचे, बाणाच्या आकाराच्या क्लिपचे. टोपण लावून लांबी १३७ मिलिमीटर आणि वजन घरच्या काट्यावर २० ग्रॅम भरले. बॅरल, म्हणजे पेनाचे मागचे अंग, फिरवून काढल्यावर आत पोलादी नळकांडे दिसले, त्याच्या एका बाजूला रेघोट्यांची दाबपट्टी आणि त्यावर शाई कशी भरावी याच्या सूचना कोरलेल्या. एवढ्यावरून पेनाचे वय एका बाजूने बांधता येते, कारण दाबून भरण्याची ही योजना, जिला कंपनीने एरोमेट्रिक हे नाव दिले, १९४८ मध्ये आली. त्यापूर्वीच्या ५१ मध्ये मागच्या टोकाला दट्ट्या आणि आत रबरी पडदा असे. मावशींच्या सासऱ्यांची निवृत्ती १९५० च्या दशकातली, त्यामुळे हिशेब जुळतो.

बॅरलच्या मागच्या टोकाशी चार-पाच बारीक खळगे आहेत. भिंगातून पाहिल्यावर ते दातांचे निघाले.

९ जून

हात लावण्यापूर्वी पेन असे का आहे हे नीट समजून घेण्यात आजचा दिवस घालवला. जुन्या वस्तूची दुरुस्ती म्हणजे तिच्या कर्त्याने घेतलेले निर्णय उलट्या क्रमाने वाचणे, आणि ते निर्णय माहीत नसतील तर हातून मोडतोडच जास्त होते.

जॉर्ज पार्कर यांनी अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात, जेन्सव्हिल येथे १८८८ मध्ये कंपनी काढली. १९३९ हे तिचे एक्कावन्नावे वर्ष. त्या आकड्यावरून पेनाचे नाव पडले आणि १९४१ मध्ये ते अमेरिकेत रीतसर बाजारात आले. माणसाच्या किंवा पक्ष्याच्या नावाऐवजी नुसता आकडा ठेवल्याने कोणत्याही भाषेत नाव बदलावे लागले नाही, हा फायदा वेगळाच.

मुळात प्रश्न शाईचा होता. कंपनीला कागदावर टेकताच वाळणारी शाई हवी होती, म्हणजे टिपकागदाची गरज उरणार नव्हती. तशी शाई तीव्र अल्कधर्मी झाली. पण जी शाई कागदावर झटकन वाळते ती निबेवरही वाळते, आणि तीव्र असल्यामुळे त्या काळी पेनांच्या अंगासाठी सर्रास वापरले जाणारे सेल्युलॉइडही खाते. या दोन अडचणींवर जे दोन उपाय निघाले, त्यांतून हे पेन घडले. अंगासाठी ड्यूपाँ कंपनीचे ल्युसाइट घेतले, म्हणजे विमानांच्या पारदर्शक छतांना वापरले जाणारे अ‍ॅक्रिलिक. आणि निब जवळजवळ पूर्ण आवरणाखाली घेतली, टोकाचा जेमतेम मिलिमीटरभर भाग बाहेर ठेवून. त्यासाठी निबेचा नेहमीचा, खांद्यांनी पसरलेला आकार सोडून तिची चौदा कॅरट सोन्याची लहानशी नळी केली गेली.

गंमत अशी की ज्या शाईसाठी एवढा खटाटोप केला ती फार काळ टिकली नाही, आणि तिच्यापासून वाचण्यासाठी केलेले पेन १९७२ पर्यंत बनत राहिले. आज ती शाई कोणी वापरत नाही, वापरूही नये.

या पेनाचे श्रेय पुष्कळदा लाझलो मोहोली-नागी या हंगेरियन कलावंताला दिले जाते. त्यांनी त्याची तारीफ केली होती एवढे खरे, पण आखणी त्यांची नव्हती. ते काम केनेथ पार्कर आणि मार्लिन बेकर यांच्यासारख्या कंपनीतल्याच माणसांचे. कारखान्यातल्या इंजिनिअरपेक्षा प्रसिद्ध कलावंताचे नाव विक्रेत्याला सोयीचे पडते, एवढाच याचा अर्थ मी घेतो.

१२ जून

पेन थंड पाण्यात बुडवून दाबपट्टी चार वेळा दाबली. पहिल्या दाबाला काहीच नाही, दुसऱ्याला एक आळशी बुडबुडा, आणि मग पाण्यात निळसर काळी रेघ उतरू लागली, जणू कोणी वाटीत आतून लिहीत आहे. चाळीस वर्षांपूर्वीची शाई. पाणी सात वेळा बदलले तरी रंग येतच होता.

चांगली बातमी पिशवीची आहे. त्या काळच्या बहुतेक पेनांतली रबरी पिशवी एव्हाना डांबरासारखी चिकट तरी होते किंवा पापडासारखी तुटते. ५१ मध्ये कंपनीने प्लाय-ग्लास नावाची प्लॅस्टिकची पारदर्शक पिशवी घातली होती. पोलादी नळकांड्याच्या खाचेतून पाहिली तर ती मधाच्या रंगाची झाली आहे, पण लवचीक आहे आणि दाबल्यावर पुन्हा फुगते. ती बदलायची नाही.

वाईट बातमी अशी की पाणी आत जाते तेवढ्या सहजपणे बाहेर येत नाही. पेन उभे धरून पट्टी दाबली की निबेच्या टोकाऐवजी आवरण आणि धातूची कडी यांच्या सांध्यातून पाणी पाझरते. म्हणजे आतला मार्ग तुंबलेला आहे आणि सांध्याची लाखही गेलेली आहे, असा माझा आजचा तर्क.

१४ जून

एक भाग घरगुती अमोनिया, दहा भाग पाणी आणि भांडी घासण्याच्या द्रवाचा एक थेंब, अशा मिश्रणात पुढचा भाग रात्रभर ठेवला. स्पिरिट मात्र ल्युसाइटच्या जवळपासही आणू नये; अ‍ॅक्रिलिकमध्ये त्याने केसासारख्या भेगा जातात आणि त्या परत कधी भरत नाहीत. शाईच्या डागावर स्पिरिट हा आपल्याकडचा सरसकट उपाय असल्यामुळे मुद्दाम लिहून ठेवतो.

सकाळी मिश्रण गडद जांभळे झाले होते. प्रवाह थोडा सुधारला, पुरेसा नाही. आवरण उघडावे लागणार.

१६ जून, रविवार

आवरण उघडत नाही.

या पेनाचे आवरण आतल्या जोडाच्या आट्यांवर बसते आणि त्या आट्यांना लाख लावलेली असते. हेअर ड्रायरने हात सहन करील इतपत ऊब दिली की लाख मऊ होते आणि रबराच्या तुकड्याने धरून आवरण डावीकडे फिरवता येते. चार वेळा ऊब दिली. चारही वेळा आवरण दगडासारखे घट्ट. पाचव्या वेळी जोर लावण्याचा मोह झाला, म्हणून पेन खाली ठेवले आणि चहा केला. भिंगातून सांधा पुन्हा पाहिला तेव्हा एका जागी काचेसारखा पांढुरका थर दिसला. लाख तपकिरी असते आणि नखाने खरवडली की तिची पूड पडते. हा थर नखाला दाद देईना.

मावशींना फोन केला. खूप आठवल्यावर त्या म्हणाल्या, "अरे, मध्ये एकदा गळायला लागलं होतं तेव्हा ह्यांनी कुणाकडून तरी करून आणलं होतं. त्यानंतर ते लिहीतच नव्हतं."

म्हणजे कोणीतरी गळती थांबवण्यासाठी सांध्यात झटपट चिकटणारा डिंक भरला होता. त्याने गळती थांबली नाही. ती पुढच्या माणसाच्या वाट्याला गेली, एवढेच.

१८ जून

पुण्यातल्या अप्पा बळवंत चौकाच्या परिसरात पेनांचे काम करणाऱ्या एका वयस्कर काकांकडे पेन घेऊन गेलो. त्यांनी डोळ्याला भिंग लावले, पेन एकदाच फिरवले आणि न हसता म्हणाले, "फेव्हिक्विकचा भाऊ दिसतोय."

मी विचारले, की अ‍ॅसिटोनचा एक थेंब सांध्यात सोडला तर?

"सोडा की. डिंक जाईल, आणि त्याच्याबरोबर पेनही जाईल." मग पेन परत देताना : "अहो, लाख का लावतात? घट्ट बसावं म्हणून नाही. पुन्हा उघडता यावं म्हणून लावतात. नुसतं बसवायचंच असतं तर त्या कंपनीला काय डिंक मिळत नव्हता?"

त्यांचा सल्ला असा : घाई करू नका, कोमट पाण्यात आठवडाभर ठेवा, रोज दोनदा ऊब द्या, आणि फिरवताना एका दिशेने जोर न लावता डावीकडे-उजवीकडे केसभर हलवत राहा. हा डिंक ओलाव्याला आणि उबेला हळूहळू हार मानतो. मोबदल्याचे विचारले तर म्हणाले, उघडल्यावर दाखवायला या.

२५ जून

सातव्या दिवशी, संध्याकाळच्या दुसऱ्या उबेला, कट् असा आवाज आला. क्षणभर वाटले आवरण तडकले. तडकले नव्हते, आट्यांतला डिंक सुटला होता. पुढची पाऊण फेरी कचकचत गेली आणि मग आवरण नेहमीच्या पेनासारखे फिरून हातात आले.

आतला ऐवज इथे सविस्तर लिहितो, कारण या पेनाची सगळी करामत बाहेरून दिसतच नाही.

आवरणाखाली एक बोटाच्या पेरापेक्षा थोडा लांब, दंडगोल भाग आहे. त्याला कलेक्टर म्हणतात. त्याच्यावर आडव्या, कागदासारख्या पातळ चकत्या एकमेकींच्या इतक्या जवळ आहेत की नुसत्या डोळ्याला तो भाग सलग वाटतो; भिंगाखाली तो उभ्या ठेवलेल्या नाण्यांच्या रांगेसारखा दिसतो. या चकत्यांमधल्या फटी म्हणजे शाईचे धरण. पेन अर्धे रिकामे असताना हाताच्या उबेने पिशवीतली हवा प्रसरण पावते आणि शाई पुढे ढकलते. साध्या पेनात ती शाई कागदावर डाग होऊन पडते. इथे ती फटींमध्ये शिरून थांबते, आणि लिहिताना तीच आधी वापरली जाते. त्याच फटींमुळे आवरणाखालची हवा सतत ओलसर राहते आणि निब कोरडी पडत नाही. या एका भागाची दोन कामे आहेत, आणि दोन्हींसाठी निब झाकलेली असणे आवश्यक आहे.

माझ्या पेनात या फटींपैकी अंदाजे निम्म्या वाळलेल्या शाईने लिंपलेल्या होत्या. कलेक्टरच्या पुढच्या टोकावर सोन्याच्या नळीची निब बसते, निबेच्या आत शाई टोकापर्यंत नेणारी काडीसारखी बारीक जिभली, आणि त्या सगळ्यांमधून मागे पिशवीपर्यंत जाणारी हवेची नळी. माझ्या पेनातली नळी चांदीची आहे आणि ती काळी पडलेली आहे. शाई भरताना ही नळीच खरे काम करते : पट्टी दाबली की पिशवीतली हवा नळीवाटे बाहेर, सोडली की शाई नळीवाटे आत. नळीचे मागचे तोंड पिशवीत वरच्या बाजूला उघडत असल्याने पुढच्या दाबाला पुन्हा हवाच बाहेर जाते, आत आलेली शाई नाही. म्हणून पट्टी एकदा दाबून पेन भरत नाही, पाच-सहा वेळा दाबावी लागते, आणि बुडबुडे थांबले की भरले असे समजावे.

२९ जून

स्वच्छतेचे तीन दिवस. कलेक्टरच्या फटी सुईने खरवडायच्या नाहीत. चकत्या लगेच तुटतात. अमोनियाचे मिश्रण, मऊ ब्रश, पुन्हा मिश्रण. शेवटी कोपऱ्यातला हट्टी गाळ काढण्यासाठी जाड कागदाची कडा वापरली. चांदीच्या नळीतून बारीक तार ओवून पाहिली, वाट मोकळी आहे. आवरणाच्या आट्यांतला डिंक लाकडी दातकोरणीने खरवडून काढला, त्यात साडेतीन तास गेले, आणि त्या अज्ञात कारागिराबद्दल माझ्या मनात जे विचार आले ते नोंदवहीत लिहिण्याजोगे नाहीत.

३ जुलै

निब. भिंगाखाली चिरेच्या दोन बाजू एका पातळीत नव्हत्या. डावी उजवीपेक्षा किंचित खाली होती. नखाने, अक्षरशः नखानेच, डावी बाजू वर उचलून दोन सेकंद धरली, सोडली, पाहिली. असे दहा-बारा वेळा. टोकाला कठीण मिश्रधातूचा दाणा असतो, त्याला घासण्याची गरज दिसली नाही. तो गोल आहे आणि एका बाजूने थोडा सपाट झाला आहे. हा सपाटपणा सासऱ्यांच्या हाताचा. निब वर्षानुवर्षे ज्या कोनात धरली जाते त्या कोनात मुरते; ती खोड मोडून टाकण्याचा अधिकार मला नाही असे मी ठरवले.

७ जुलै, रविवार

पेन पुन्हा जोडले. जिभली निबेत, निब कलेक्टरवर, कलेक्टर जोडात, धातूची कडी, मग लाखेचा पातळ हात आणि आवरण. लाख पूर्ण सुकेपर्यंत थांबलो आणि रात्री कॅमलची रॉयल ब्ल्यू भरली. ही शाई सौम्य आहे आणि पाण्याने सहज धुतली जाते, म्हणून चाचणीला बरी. दांडेकर बंधूंनी मुंबईत शाईचा हा व्यवसाय सुरू केला ते वर्ष १९३१, आणि पार्करची क्विंक शाई आली तेही १९३१. त्यामुळे परक्या पेनाला आपली शाई पाजण्यात मला काही विजोड वाटले नाही.

पहिलीच ओळ उमटली. उभ्या रेघा स्वच्छ, गोलाई स्वच्छ. शिरोरेषा मात्र दर दोन-तीन अक्षरांनंतर खरखरे आणि मध्येच फिकी पडते. निब, शाई, कागद सगळे तेच, आणि बिघाड फक्त आडव्या रेघेत.

८ जुलै

कारण सापडले, आणि दोष माझा होता. जोडताना निब आवरणाच्या टोकाशी नेमकी मध्यावर बसलेली नव्हती, उजवीकडे अंदाजे दहा अंश वळली होती. उघड्या निबेच्या पेनात एवढे वळण डोळ्याला लगेच कळते आणि हात आपोआप सावरून घेतो. इथे निबेचा दिसणारा भाग मिलिमीटरभर. डोळा आवरणाच्या टोकाकडे पाहून पेन धरतो, आवरण सरळ असते, आणि निब आत वाकडी. कागदाला दोन्ही बाजू सारख्या टेकत नाहीत. उभी रेघ ओढताना हाताच्या दाबाने हे झाकले जाते, पण शिरोरेषा हलक्या हाताने, डावीकडून उजवीकडे सरळ जाते आणि तिथे निबेची एकच कडा कागदावर घासते.

रोमन लिपीत लिहिणाऱ्याला हा दोष कदाचित आठवडाभर जाणवला नसता. देवनागरीत तो पहिल्या ओळीत पकडला जातो, कारण आपण प्रत्येक शब्दावर एक सरळ आडवी रेघ देतो. निबेची तपासणी करण्यासाठी यापुढे मी इंग्रजीतले, सगळी मुळाक्षरे येणारे ते नेहमीचे वाक्य लिहिणार नाही. 'गणपतराव' पुरेसा आहे.

आवरण पुन्हा ऊब देऊन उघडले. या वेळी लाख मुकाट्याने सुटली आणि काकांचे वाक्य आठवले. निब मध्यावर आणली, आवरण बसवताना शेवटच्या पाव फेरीत भिंग डोळ्याला लावूनच ठेवले. आवरणाचे टोक आणि निब यांच्यात फट हवी, पण पातळ कागद जाईल एवढीच. जास्त झाली तर निब वाळते आणि अजिबात नसली तर शाईचा प्रवाह आवळला जातो.

१३ जुलै

लिहिण्याच्या चाचण्या. नीट लिहून ठेवतो, कारण मावशींना पेन देताना त्याच्याकडून काय अपेक्षा करावी आणि काय करू नये, हे सांगावे लागेल.

रेघ मध्यम, मोजपट्टीवर साधारण ०.६ मिलिमीटर, आणि सर्व दिशांना जवळजवळ सारखीच जाड. दाब दिल्याने ती रुंदावत नाही. नळीच्या आकाराची ही निब ताठ आहे आणि फाकत नाही. इथे माझी थोडी निराशा झाली हे कबूल करतो. बोरूने किंवा तिरक्या कापाच्या टाकाने कित्ता गिरवलेल्या माणसाला अक्षराचा जाड-बारीकपणा निबेकडून फुकट मिळतो. ५१ तो देत नाही. इथे अक्षराचे वळण सगळे हातानेच आणावे लागते. ज्याचे अक्षर मुळात बांधेसूद आहे त्याचे या पेनाने आणखी नीटस दिसते, आणि ज्याचे नाही त्याचे दोष एकसारख्या शाईत उघडे पडतात. माझे काय झाले ते सांगत नाही.

भरपाई प्रवाहात आहे. मी हौसेने थोडी मोडी शिकलो आहे, आणि मोडीत आधी ओळभर शिरोरेषा ओढून मग तिच्याखाली हात फारसा न उचलता अक्षरे जोडत जायची असतात, त्यामुळे शाईच्या सातत्याची याहून कडक परीक्षा मला माहीत नाही. पानभर मोडी लिहिली. रेघ एकदाही तुटली नाही किंवा ओळीच्या शेवटी फिकट झाली नाही.

थांबण्याची चाचणी : टोपण काढून पेन टेबलावर आडवे ठेवले. पाच मिनिटांनी पहिल्याच स्पर्शाला लिहिते. दहा मिनिटांनीही. वीस मिनिटांनी पहिला काना अर्धा गेला आणि मग सुरळीत. शेजारी ठेवलेले माझे रोजचे उघड्या निबेचे पेन पाचव्या मिनिटालाच रुसले होते. कचेरीत खर्डा करणाऱ्या, मध्येच मान वर करून समोरच्याला तिसऱ्यांदा तेच समजावून सांगणाऱ्या कारकुनाला हे पेन का मानवले असेल, ते या आकड्यांवरून कळते.

शाई मावते १.१ मिलिलिटर, सिरिंजने मोजून. गळतीसाठी पेन अर्धे रिकामे करून मुठीत घट्ट धरून ठेवले आणि मग निब खाली करून पाहिले. थेंब पडला नाही.

२१ जुलै, रविवार

आठवडाभर पाऊस लागून राहिला आहे आणि एक विचित्र गोष्ट दिसली. मागच्या आठवड्यात जी वही उत्तम होती तिच्यावर आता शाई फुटते. अक्षराच्या कडांना मुळांसारखे तंतू येतात. पेन उघडून तपासण्यापूर्वी तीच वही दोन तास दिव्याच्या उबेत ठेवली, आणि रेघ पूर्ववत झाली. कागद दमट झाला होता, पेन निर्दोष. ५१ शाई जरा सढळ हाताने सोडते, त्यामुळे कागदातला ओलावा ते आधी उघड करते. श्रावण संपेपर्यंत या पेनाबद्दल कागदाच्या साक्षीने कोणताही निकाल द्यायचा नाही.

२४ जुलै

टोपण. त्याला आटे नाहीत. आत पोलादाची लवचीक बोटे आहेत आणि ती बॅरलच्या तोंडाशी असलेल्या कडीला धरतात. टोपण शेवटचे काही मिलिमीटर जणू उशीवर बसल्यासारखे सरकते आणि थांबते, आवाज जवळजवळ नाहीच. माझ्या मते संपूर्ण पेनात हाताला सर्वांत जास्त सुख देणारी जागा हीच. फिरवण्याच्या टोपणात दोन फेऱ्या जातात; इथे एका हाताने उघडून सही करता येते.

टोपणाच्या पोलादाला मुद्दाम बारीक रेघोट्यांची मंद छटा दिलेली आहे. ती पॉलिशने चकचकीत केली की कायमची जाते, आणि असे चमकवलेले कितीतरी ५१ मी पाहिले आहेत. साबणाच्या पाण्याने धुतले, एवढेच. बॅरल मऊ कापडाने आणि प्लॅस्टिकच्या सौम्य पॉलिशने पुसल्यावर ल्युसाइटची खोली परत आली. उन्हात धरले की काठाशी हिरवे आणि मध्ये निळे दिसते.

दातांच्या खळग्यांचे काय करायचे ते विचारले. मावशी म्हणाल्या, "हिशेब जुळला नाही की चावायचे ते. राहू दे, एवढे मोठे साहेब होते, कुणाला तरी कळू दे." राहू दिले.

२८ जुलै, रविवार

आधी काकांकडे उघडलेले आणि पुन्हा जोडलेले पेन दाखवून आलो. त्यांनी टिपकागदाच्या तुकड्यावर स्वतःची सही केली, पेन कानाजवळ नेऊन टोपण लावले, काढले, पुन्हा लावले, आणि शंभर रुपये घेतले; सल्ल्याचे की ऐकण्याचे, ते मी विचारले नाही.

मग मावशींकडे. त्यांनी पेन उघडले, वहीवर 'श्री' लिहिला आणि कपाळाला आठी घातली. शाई येत नव्हती. माझ्या पोटात गोळा आला. मग लक्षात आले, की तीस-पस्तीस वर्षे त्या बॉलपेनने लिहीत आहेत, आणि बॉलपेनला वर-खाली नसते; कसेही धरले तरी चालते. त्यांनी ५१ बाजूला वळवून धरले होते, आणि झाकलेल्या निबेने त्यांना ते कळूच दिले नव्हते. ८ जुलैला मी निब वाकडी बसवली होती, आज हात वाकडा बसला होता. कागदाच्या दृष्टीने दोन्ही एकच.

उपाय साधा निघाला. टोपण पेनाच्या मागे लावताना क्लिपचा बाण आवरणाच्या टोकाशी सरळ रेषेत ठेवायचा, आणि तो बाण अंगठा व तर्जनीच्या बेचक्यातून आकाशाकडे राहील असे धरायचे. मावशींनी तसे धरले, 'श्री' पुन्हा लिहिला, मग त्याखाली दुधाचा जुलैचा हिशेब मांडला आणि शेवटी बेरजेखाली दोन रेघा मारल्या. त्या आडव्या होत्या, आणि स्वच्छ आल्या.

उरलेली कामे : टोपणाच्या शेंड्यावरच्या खड्याला केसभर तडा आहे, तो तसाच ठेवला आहे, मिळाला तर बदलायचा. दर दोन महिन्यांनी साध्या पाण्याने धुणे. आठवडाभर न वापरल्यास शाई काढून ठेवणे, हे त्यांना दोनदा सांगितले. शाईची बाटली आणि जुन्या मऊ धोतराचा एक तुकडा त्यांच्याकडेच ठेवून आलो आहे.